वाचकांचे प्रश्न : ‘डॉक्टर हू’ची ध्वनिनाट्ये

मागील अंकात या सदरात ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेच्या ध्वनिनाट्यांविषयी एक टिपण आले होते. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केलेली ही मालिका डिसेंबर १९८९ मध्ये थांबली आणि जुलै १९९९ पासून ‘बिग फिनिश’ या संस्थेने मूळ कलावंतांना घेऊन ती केवळ आवाजाच्या बळावर पुढे नेली, एवढाच त्या टिपणाचा विषय होता. त्यावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही आकाशवाणीवरची नभोनाट्ये ऐकतच मोठे झालो, त्यामुळे आपले टिपण आवडीने वाचले. परंतु दूरचित्रवाणीवर बंद पडलेली मालिका दुसऱ्याच संस्थेने आवाजात काढली, तर तिला त्याच मालिकेचा पुढचा भाग कसे म्हणावे? अशाने उद्या कोणीही उठेल आणि कोणत्याही मालिकेचा पुढचा भाग काढेल. (एक निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : कोणीही उठून पुढचा भाग काढू नये, यासाठीच परवाना असतो, आणि बिग फिनिशने तो बीबीसीकडून रीतसर घेतला होता. त्याआधी १९८० च्या दशकात इंग्लंडमधील चाहते हौसेखातर अशी ध्वनिनाट्ये कॅसेटवर काढत असत. निकोलस ब्रिग्ज हे त्याच हौशी मंडळींपैकी एक होते. पुढे परवानाप्राप्त मालेतले पहिले नाटक, ‘द सायरन्स ऑफ टाइम’, त्यांनीच लिहिले आणि दिग्दर्शित केले. त्यात पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉय हे दूरचित्रवाणीवरचे तीन डॉक्टर होते. पहिल्या तीन भागांत एकेकाची स्वतंत्र गोष्ट येते आणि चौथ्या भागात तिघे एकत्र येतात.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. डॉक्टर हा काळात आणि अवकाशात फिरणारा परग्रहवासी आहे आणि मरणाच्या दारात पोहोचला की तो देह पालटतो. ही युक्ती १९६६ मध्ये गरजेतून जन्माला आली. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, म्हणून त्यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले आणि कथेतच त्या बदलाचे कारण देण्यात आले. त्यामुळे या मालिकेत एकाच व्यक्तिरेखेचे अनेक नट आहेत, आणि कथेत काळप्रवास असल्याने त्यांतल्या कोणाचीही गोष्ट केव्हाही पुढे सांगता येते. ध्वनिनाट्यांना जागा मिळाली ती याच फटीतून.

मात्र परवाना केवळ हक्क देतो. पुढचा भाग म्हणवून घेण्याची योग्यता नाटकाला स्वतःच कमवावी लागते, आणि ती या नाटकांनी कमावली असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलिन बेकर यांचे उदाहरण घ्यावे. १९८४ ते १९८६ या काळात त्यांच्या वाट्याला कर्कश संवाद आले, अंगावर रंगीबेरंगी तुकड्यांचा भडक कोट आला, मध्येच मालिका दीड वर्ष थांबवली गेली आणि शेवटी त्यांना भूमिकेवरूनच दूर करण्यात आले. ध्वनिनाट्यात तो कोट दिसत नाही, ऐकू येतो तो केवळ त्यांचा भरदार, समृद्ध आवाज. शिवाय येथे त्यांना एव्हलिन स्माइथ ही सहप्रवासी मिळाली. ती पंचावन्न वर्षांची, इतिहासाची प्राध्यापिका आहे. दूरचित्रवाणीने डॉक्टरच्या सोबतीला बहुतेक वेळा तरुण मुली दिल्या, आणि त्यांच्या वाट्याला प्रश्न विचारणे आणि संकटात सापडणे हेच अधिक आले. मॅगी स्टेबल्स यांनी साकारलेली एव्हलिन डॉक्टरला भर वाक्यात थांबवते, त्याची ऐतिहासिक माहिती दुरुस्त करते, आणि विश्व संकटात असतानाही आपला चॉकलेट केक सोडत नाही. तिच्या सहवासात हा उर्मट डॉक्टर हळूहळू निवळत जातो. जो बदल दूरचित्रवाणीने त्याला करू दिला नाही, तो येथे अनेक नाटकांतून, सावकाश आणि पटेल असा घडतो.

पॉल मॅकगॅन यांची कथा तर याहून बोलकी आहे. १९९६ साली ते डॉक्टर म्हणून दीड तासाच्या एकाच दूरचित्रपटात दिसले आणि त्यापुढे मालिका निघालीच नाही. जानेवारी २००१ मध्ये ‘स्टॉर्म वॉर्निंग’पासून ते ध्वनिनाट्यात आले आणि पडद्यावर जेमतेम ओळख झालेल्या या डॉक्टरचे सारे आयुष्य येथे उभे राहिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये बीबीसीने त्यांना घेऊन ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ हा काही मिनिटांचा लघुभाग काढला. त्यात देह पालटण्यापूर्वी हा डॉक्टर आपल्या सोबत्यांची नावे घेतो : चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. ही पाचही माणसे ध्वनिनाट्यांतली आहेत, पडद्यावर त्यांच्यापैकी कोणीही कधी आलेले नव्हते. मूळ मालिकेनेच त्यांना आपले म्हटले, त्यानंतर वेगळ्या दाखल्याची गरज उरत नाही.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. रॉबर्ट शिअरमन यांच्या २००३ च्या ‘जुबिली’ या ध्वनिनाट्यात डॉक्टरचा जुना शत्रू असलेल्या, धातूच्या कवचात राहणाऱ्या डॅलेक या परग्रहवासी जमातीतला एकच डॅलेक लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत आहे, आणि एव्हलिन त्याच्याशी बोलते. २००५ साली मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा याच लेखकाने त्याच कल्पनेवर ‘डॅलेक’ हा भाग लिहिला.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे. २००५ नंतरचे काही भाग मी पाहिले आहेत, जुने मुळीच नाहीत. ही ध्वनिनाट्ये शेकड्यांनी आहेत असे कळते, तेव्हा सुरुवात कोठून करावी? (एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : संख्येने दडपून जाण्याचे कारण नाही. दरमहा निघणारी मुख्य मालाच १९९९ ते २०२१ या काळात २७५ नाटकांपर्यंत गेली आणि तिच्याबाहेरही पुष्कळ आहे, हे खरे. परंतु सगळे ऐकलेच पाहिजे असा नेम नाही, आणि क्रमाने ऐकण्याचा हट्ट धरल्यास उत्साह मध्येच मावळण्याची शक्यता अधिक आहे. नमुना बहुधा ठरलेला असतो : साधारण पंचवीस मिनिटांचे चार भाग, आणि शेवटचा सोडून प्रत्येक भागाच्या अखेरीस श्वास रोखायला लावणारा पेच.

माझी पहिली शिफारस ‘स्पेअर पार्ट्स’ या २००२ च्या नाटकाची आहे. मार्क प्लॅट यांनी त्यात सायबरमेन, म्हणजे भावना काढून टाकलेली यंत्रमानवी जमात, मुळात कशी घडली ते सांगितले आहे. पृथ्वीचा हरवलेला जुळा ग्रह, जमिनीखाली कोंडलेले थकलेभागलेले शहर, आणि जगायचे असेल तर एकेक अवयव यंत्राचा बसवून घ्यावा लागणारी माणसे, अशी ही कहाणी आहे. त्यातल्या एका साध्या घरातली मुलगी ‘प्रक्रिये’साठी नेली जाते, आणि पुढे एका प्रवेशात ती आपल्या घराकडे परतते. यंत्राच्या सपाट, तुटक सुरातून बापाला आपल्या लेकीचा आवाज ओळखू येतो. पडद्यावर आपण तिचा मुखवटा पाहिला असता आणि मुलगी कोठे उरली आहे याचा अंदाज बांधला असता. ऐकताना आपल्यालाही बापासारखे त्या आवाजातच तिला शोधावे लागते. ज्याला हे माध्यम म्हणजे दृश्याची उणीव वाटते, त्याने हा एक प्रवेश ऐकावा.

त्यानंतर ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ ऐकावे. १९०६ सालच्या नाताळची पूर्वसंध्या, लंडनमधील एका श्रीमंताच्या घरातला नोकरवर्ग आणि घड्याळाच्या ठोक्यांबरोबर घडणारे मृत्यू, अशी त्याची मांडणी आहे. आपण भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असल्याने कार्यकारणाच्या वेटोळ्याचा जो खेळ त्यात मांडला आहे, तो आपल्याला विशेष भावेल. मात्र त्याचा उलगडा मॅकगॅन यांच्या आधीच्या नाटकांशी बांधलेला आहे, म्हणून त्यापूर्वी ‘स्टॉर्म वॉर्निंग’ ऐकून घ्यावे.

‘स्टॉर्म वॉर्निंग’चा पाया खऱ्या घटनेचा आहे आणि त्या घटनेचा आपल्याकडच्या भूमीशीही संबंध आहे. आर-१०१ हे ब्रिटिश हवाई जहाज ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधील कार्डिंग्टनहून तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या कराचीकडे निघाले. कराचीत त्याच्यासाठी प्रचंड मोठी शेड बांधून तयार होती. उत्तररात्री फ्रान्समधील बोव्हेजवळ ते कोसळून पेटले आणि जहाजावरच्या ५४ जणांपैकी ४८ जण दगावले. नाटकात चार्ली पोलार्ड ही साहसाची हौस असलेली मुलगी त्या जहाजावर चोरून चढलेली आहे. इतिहासाप्रमाणे ती मरायला हवी. डॉक्टर तिला वाचवतो आणि त्या एका दयेच्या कृतीने काळाच्या घडणीला जो तडा जातो, तो पुढच्या कित्येक नाटकांत रुंदावत जातो. इंडिया फिशर यांनी चार्लीचे काम फार ताकदीने केले आहे.

प्रश्न : ही नाटके ध्वनिमुद्रित कशी होतात? डॅलेकचा तो घोगरा, थरथरता आवाज एखाद्या माणसाचा असतो की संगणकाचा? (एक श्रोती, कराड)

उत्तर : आवाज माणसाचाच असतो. २००५ नंतरच्या दूरचित्रवाणी मालिकेतही तो वर उल्लेखिलेल्या निकोलस ब्रिग्ज यांचाच आहे. ते बोलतात तो आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’ नावाच्या उपकरणातून जातो. या उपकरणात मानवी आवाजाचा एका स्थिर, मंद कंपनाशी गुणाकार होतो. जुन्या डॅलेकसाठी ते कंपन सुमारे ३० हर्ट्झचे असे. गुणाकार झाला की मूळ आवाजातली प्रत्येक कंपनसंख्या नाहीशी होऊन तिच्या जागी एक थोडी वरची आणि एक थोडी खालची अशा दोन कंपनसंख्या येतात. सुरांमधले नैसर्गिक नाते बिघडते, म्हणून तो आवाज धातूचा आणि परका वाटतो. पण उपकरण फक्त पोत देते. राग, भीती आणि हुकूम देण्याची घाई हे सारे नटालाच करावे लागते, नाहीतर डॅलेक काही मिनिटांतच कंटाळवाणा होतो.

अशा कामाची परंपरा मालिकेच्या जन्मापासूनची आहे. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या विभागात १९६३ साली डेलिया डर्बिशायर यांनी रॉन ग्रेनर यांच्या स्वररचनेवरून शीर्षकसंगीत घडवले. तेव्हा आजच्यासारखे सिंथेसायझर हाताशी नव्हते. एकेक स्वर वेगळा तयार करून, टेपचे तुकडे हव्या त्या लांबीला कापून, ते चिकटवून ती धून सिद्ध झाली. डॉक्टरच्या टार्डिस या यानाचा घरघरणारा आवाज ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवला आणि पुढे त्यावर संस्कार केले. जिला आपण विज्ञानकथा म्हणतो, तिची ओळख ठरलेला आवाज किल्ली आणि तार यांच्यातून निघाला, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

ध्वनिनाट्याचे मुद्रण साधारणपणे असे होते : कलावंत काचेच्या वेगवेगळ्या कक्षांत उभे राहतात, हेडफोनवर एकमेकांना ऐकतात आणि संहिता हातात धरून प्रवेश सलग करतात. कक्ष वेगळे असल्याने एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये मिसळत नाही आणि नंतर प्रत्येकाला हवे तेथे ‘उभे’ करता येते. पाठांतर, रंगभूषा आणि प्रकाशयोजना यांचा वेळ वाचत असल्याने चार भागांचे नाटक दोनेक दिवसांत मुद्रित होऊ शकते. खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात, कारण पावले, दारे, वारा, गर्दी आणि संगीत हे सर्व मागाहून थरांसारखे चढवावे लागते. २०२० च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद असताना अनेक कलावंतांनी घरूनच मुद्रण केले आणि नाटके निघत राहिली.

प्रश्न : या मालिकेतील जुन्या डॉक्टरांपैकी काही कलावंत आता हयात नाहीत. त्यांच्या भूमिका दुसऱ्यांकडून त्यांच्याच आवाजाच्या ढंगात करवून घेतात असे वाचले. मृत कलावंताची अशी नक्कल करणे योग्य आहे काय? मला तरी ते खटकते. (एक वाचक, विटा)

उत्तर : खटकणे स्वाभाविक आहे आणि या प्रश्नाला एकच उत्तर नाही. सुरुवातीला संस्थेने एक संयत मार्ग काढला होता. २००७ पासून ‘द कम्पॅनियन क्रॉनिकल्स’ या मालेत हयात असलेला सहप्रवासी आपल्या जुन्या डॉक्टरसोबतची एखादी गोष्ट स्वतः कथन करतो. डॉक्टरचे संवाद आले की तो ते आपल्याच तोंडून, त्या माणसाची आठवण जागवत म्हणतो. फ्रेझर हाइन्स यांनी तरुणपणी पॅट्रिक ट्रॉटन यांच्यासोबत काम केले होते. ते कथनाच्या ओघात ट्रॉटन यांची बोलण्याची लकब उभी करतात, तेव्हा आपल्याला नक्कल ऐकल्यासारखे वाटत नाही, एका सहकाऱ्याची सय ऐकत आहोत असे वाटते. मला स्वतःला हीच पद्धत सर्वाधिक प्रामाणिक वाटते.

पुढे संस्थेने थेट नवे नट घेतले. तिसऱ्या डॉक्टरची, म्हणजे जॉन पर्टवी यांची भूमिका टिम ट्रेलोर करू लागले. दुसऱ्या डॉक्टरची भूमिका २०२२ पासून पॅट्रिक ट्रॉटन यांचे पुत्र मायकेल ट्रॉटन करतात. जॉन हर्ट यांनी मृत्यूपूर्वी काही नाटकांत ‘वॉर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरचेच युद्धकाळातले रूप, स्वतः साकारले होते. २०१७ मध्ये ते गेल्यानंतर ती भूमिका जोनाथन कार्ली यांच्याकडे गेली.

आपल्या रंगभूमीवर एका नटाने गाजवलेली भूमिका पुढच्या पिढीतल्या नटाने करण्यात कोणी गैर मानत नाही. ‘एकच प्याला’तला सुधाकर कोण्या एका नटाच्या मालकीचा नाही. परंतु तेथे नवा नट आपला स्वतःचा सुधाकर उभा करतो. येथे जुन्या नटाचा सूरच पुन्हा काढण्याची अपेक्षा असते, आणि आपल्याला खटकते ते नेमके हेच असावे. म्हणून मी असे नाटक ऐकताना लकब किती हुबेहूब आहे हे पाहत नाही. नवा नट त्या प्रसंगात खरोखर विचार करत बोलतो आहे की जुन्या लकबी नुसत्या मांडून दाखवतो आहे, याकडे माझे लक्ष असते. मायकेल ट्रॉटन यांच्या कामात तो विचार ऐकू येतो. यंत्राच्या साहाय्याने दिवंगत नटाचा आवाज नव्याने घडवण्याची सोय आता उपलब्ध होत असताना, जिवंत माणसाने उभे राहून, आपले नाव सांगून ती भूमिका करणे मला कितीतरी अधिक सभ्य वाटते.

प्रश्न : इंग्रजी वाचता येते, पण ब्रिटिश उच्चार भराभर कानांवर पडले की गोंधळ होतो. अशा श्रोत्याने या नाटकांच्या वाटेला जावे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : अवश्य जावे. एका बैठकीत एकच भाग ऐकावा, तोही हेडफोन लावून. प्रारंभीची दहा मिनिटे दोनदा ऐकली की पात्रांचे आवाज वेगळे होऊ लागतात आणि पुढचा मार्ग सोपा होतो. कमी पात्रांचे नाटक आधी निवडावे म्हणून काही जण २००३ चे ‘शेर्झो’ सुचवतील, कारण त्यात मॅकगॅन आणि फिशर हे दोघेच आहेत. परंतु बाकीच्या संवेदना हरपलेल्या एका पांढऱ्या पोकळीत आवाजच सजीव होऊन या दोघांच्या मागे लागतो, असा त्याचा विषय आहे आणि ते अत्यंत अस्वस्थ करणारे आहे. ते रात्री एकट्याने ऐकण्यापूर्वी विचार करावा.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यसंघ आहे. स्पर्धेच्या एकांकिका आम्ही दरवर्षी करतो. आपले टिपण वाचल्यापासून मराठीत असे विज्ञान-ध्वनिनाट्य करण्याचा विचार मनात घोळतो आहे. डॉक्टर हे पात्र मराठीत आणता येईल का? आणि स्टुडिओ भाड्याने घेण्याइतके पैसे नसताना हे काम कसे करावे? (एका नाट्यसंघाचे सदस्य, सांगली)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. डॉक्टर आणि टार्डिस यांचे हक्क बीबीसीकडे आहेत, आणि डॅलेकच्या हक्कांत त्यांचे निर्माते टेरी नेशन यांच्या वारसांचाही वाटा आहे. परवानगीवाचून ते घेऊ नयेत. मुळात घ्यावेत तरी कशाला? ज्या गावात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले, त्या गावातल्या संघाला पात्र उसने आणण्याची गरज नाही. घ्यायचीच तर पद्धत घ्यावी.

‘स्टॉर्म वॉर्निंग’च्या कर्त्यांनी काय केले ते पाहावे. त्यांनी स्वतःच्या देशाच्या इतिहासातली, तारीखवार नोंदलेली एक दुर्घटना घेतली आणि एकच प्रश्न विचारला : येथे मरणार असलेल्या एका माणसाला कोणी वाचवले तर? आपल्या दोन्ही जिल्ह्यांकडे असे प्रसंग आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आहे, २००५ आणि २०१९ चे कृष्णेचे महापूर आहेत. पहाटे काय होणार हे ठाऊक असलेला एक मनुष्य आदल्या रात्री कोयनानगरात मुक्कामाला आला, तर तो कोणाला सांगेल, त्याच्यावर कोण विश्वास ठेवील, आणि सगळ्यांना उठवणे शक्य नसेल तर तो कोणते दार ठोठावील? विज्ञानकथेला लागणारा सारा ताण यात आहे. मात्र त्या रात्री ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांचे नातलग आजही हयात आहेत, हे लिहिताना एक क्षणही विसरू नये. पात्रे काल्पनिक असावीत, आणि दुर्घटनेचा उपयोग केवळ थरारासाठी करू नये.

आता संहितेविषयी. एकांकिका लिहिणाऱ्यांची अडचण अशी होते की रंगमंचावर जे दिसते, ते ध्वनिनाट्यात पात्रांच्या तोंडी वर्णन म्हणून घातले जाते. “अरे बापरे, पुलाखालचे पाणी किती वर आले आहे बघ!” हे वाक्य ऐकताच श्रोत्याला कळते की हे आपल्यासाठी म्हटले आहे. सांगलीतला माणूस पुरात असे बोलत नाही. तो विचारतो, “आयर्विनला किती आहे?” दुसरा म्हणतो, “अठ्ठेचाळीस. दुपारी सेहेचाळीस होतं.” त्यानंतर थोडी शांतता, आणि मग कोणीतरी कपाटातली कागदपत्रे काढू लागल्याचा आवाज. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातून सगळे कळते, आणि ज्याला ठाऊक नाही त्यालाही बोलण्याच्या सुरावरून कळते.

याच कारणाने, जे मुळातच मूक आहे ते टाळावे किंवा त्याची बोलण्यात सोय करावी. जुन्या बाजारातला रुमालाखालचा सौदा रंगमंचावर सुंदर दिसेल, कारण बोटांची ती गुप्त बोलणी प्रेक्षकाला पाहता येतात. ध्वनिनाट्यात तेथे नुसती पोकळी उरेल. तो प्रसंग हवाच असेल तर सौदा पाहणाऱ्या, पण बोटे न दिसणाऱ्या दोघांच्या कुजबुजीतून तो आणावा. म्हणजे श्रोता त्यांच्याइतकाच अंधारात राहील आणि ती अडचणच रंजक होईल. शिवाय एका प्रवेशात चार-पाचांहून अधिक पात्रे बोलती ठेवू नयेत, आणि भूमिका वाटताना आवाजांचा पोत पाहावा. एकाच पट्टीतले दोन तरुण समोरासमोर आले की श्रोता हरवतो. चांगला अभिनय करणाऱ्या, पण वय किंवा प्रकृती यांमुळे रंगमंच सोडावा लागलेल्या आपल्या संघातल्या ज्येष्ठांना या निमित्ताने परत बोलवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बिग फिनिशच्या यशात याचा वाटा फार मोठा आहे. पन्नाशी-साठी ओलांडलेले नट तेथे आपल्या तरुणपणीच्या भूमिका करू शकले, कारण आवाज देहापेक्षा सावकाश म्हातारा होतो.

मुद्रणासाठी स्टुडिओ नसला तरी चालेल, शांत खोली मात्र हवी. घुमणाऱ्या खोलीचा दोष नंतर कोणत्याही उपायाने पुरता निघत नाही, म्हणून भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, जमिनीवर गाद्या टाकाव्यात, आणि पंखा व फ्रिज बंद करावेत. मायक्रोफोनवर जो काही खर्च झेपेल तो करावा, बाकी संकलन मोफत मिळणाऱ्या आज्ञावलींवर होते. संहितेची पाने पिनने जोडू नयेत, सुटी ठेवावीत आणि वाक्य संपल्यावरच बाजूला सरकवावीत, कारण पानांची सळसळ प्रवेशाचा विचका करते. प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसत्या खोलीचे मुद्रण करून ठेवावे. दोन वाक्यांमधला तुकडा कापल्यावर तेथे निर्जीव पोकळी ऐकू येते, ती या मुद्रणाने भरून काढता येते. दूर जाणारे पात्र असेल तर आवाज यंत्रावर कमी करण्यापेक्षा नटाने प्रत्यक्ष मायक्रोफोनपासून मान वळवून मागे सरकावे, त्याने अंतर खरे वाटते.

परग्रहावरचे ध्वनी इंटरनेटवरून उचलू नयेत. ते सर्वांनीच वापरलेले असतात आणि त्यांच्या हक्कांचाही प्रश्न येतो. हळदीच्या गोदामात पोती ओढल्याचा आवाज, उसाच्या चरकाची घरघर, मिरजेच्या कारागिरांकडे तंबोऱ्याची तार चढवताना निघणारा ताणाचा सूर, असे ध्वनी परवानगी घेऊन मुद्रित करावेत आणि संथ करून किंवा उलटे वाजवून पाहावेत. किल्लीने यान उडू शकते, तर तंबोऱ्याच्या तारेने का उडू नये?

पहिला प्रवेश तयार झाला की संहिता न वाचलेल्या एखाद्या व्यक्तीला तो ऐकवावा आणि तिला इतकेच विचारावे की या खोलीत किती माणसे आहेत, कोण दाराजवळ आहे आणि कोण कोणाला घाबरते आहे. उत्तरे चुकली तर आणखी पार्श्वध्वनी भरू नयेत, संवाद पुन्हा लिहावेत. पहिल्या भागाची संहिता तयार झाल्यावर या सदराच्या पत्त्यावर जरूर पाठवा. मी ती वाचून सविस्तर अभिप्राय कळवीन, आणि आपली संमती असेल तर त्यातील एखादा प्रवेश पुढील अंकात छापण्याची शिफारस संपादकांकडे करीन.